पाच स्टेशनं, दीडशे रुपये आणि एक टेबल

मित्रांसोबत बाहेर जेवायला जायचं म्हणजे मॉल किंवा कॅफेच हवं का? ठाणे ते कल्याण या पट्ट्यात राहणाऱ्या आम्ही पाच जणांनी गेल्या काही महिन्यांत आपापल्या स्टेशनजवळचं साधं जेवण एकमेकांना खाऊ घातलं. त्याची ही गोष्ट.

"मला भूक नाहीये गं, माझा शनिवार आहे."

आमच्या ग्रुपमधला एक जण हे म्हणाला तेव्हा आम्ही कुणी फारसं लक्ष दिलं नाही. डिग्रीची शेवटची परीक्षा संपून महिना झाला होता. कुणी नोकरीला लागलेलं, कुणी इंटर्नशिपला. आता भेटी कमी होणार म्हणून घोडबंदर रोडवरच्या एका चकचकीत कॅफेत लंच ठरला. पास्ता, पिझ्झा, दोन प्रकारचे नाचोज, कोल्ड कॉफी असं सगळं आलं. आम्ही फोटो काढले. उपवासवाल्याने एक लिंबू सोडा घेतला. बिल आलं ४,३०० रुपये. "चला, डिव्हाइड बाय फाइव्ह," असं कुणीतरी म्हणालं. (कुणीतरी म्हणजे मीच.) प्रत्येकी ८६० रुपये. सगळ्यांनी यूपीआय केलं, त्यानेही.

त्यानंतर दोन महिने तो एकाही प्लॅनला आला नाही. कधी ओव्हरटाइम, कधी गावाहून पाहुणे. मग एका शनिवारी दुपारी तो मला दादर स्टेशनवर दिसला. ऑफिसमधून सुटला होता आणि उभ्याउभ्या वडापाव खात होता. वडापाव उपवासाला चालतो हे मला नव्यानेच कळलं. मी तसं म्हटलंही. आधी तो हसला, मग म्हणाला, "अगं, त्या दिवशी खिशात हजार रुपये होते आणि महिन्याचे अकरा दिवस बाकी होते. एका सोड्याचे ८६० गेले. तेवढ्यात माझे तीन-चार महिन्यांचे लोकलचे पास निघतात."

हे तो रागाने म्हणाला नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. तीन वर्षं आम्ही एका बाकावर बसलो होतो. एकमेकांचे क्रश माहीत होते, केटी माहीत होत्या. कुणाच्या घरात किती पैसे येतात, हे मात्र कधी बोललोच नव्हतो.

(हे सगळं त्याला विचारूनच लिहितेय. त्याची एकच अट होती, नाव नको. त्यामुळे कुणाचंच नाव नाही. तसंही आम्ही एकमेकांना स्टेशनच्या नावाने हाक मारतो. मी ठाणे. मग मुंब्रा, ती लॉ करतेय. मग तो, म्हणजे दिवा. डोंबिवली सीएची आर्टिकलशिप करतेय. शेवटी कल्याण, जाहिरात एजन्सीत नुकताच चिकटलाय. कळवा, कोपर आणि ठाकुर्ली या जागा रिकाम्या आहेत.)

त्याच संध्याकाळी ग्रुपवर मेसेज टाकला. महिन्यातून एक शनिवार. पाळीपाळीने एकेकाच्या स्टेशनला जायचं. माणशी दीडशे रुपये, पाणी-टॅक्स धरून. जागा यजमानाने ठरवायची, पण ती त्या गावातली हवी, जिथेतिथे शाखा असलेली चेन नको. डोंबिवलीने लगेच एक्सेल शीट बनवली. सीएवाले!

ठाणे : मिसळ म्हणजे लंच का?

पहिली पाळी माझी. ठाण्यात खाण्याला तोटा नाही. नौपाड्यात गजानन वडापावची पिवळी बेसन चटणी आहे. स्टेशनजवळ कुंजविहारचा भलामोठा वडापाव आहे. घंटाळीला 'मेतकूट'मध्ये घरच्यासारखं मराठी जेवण मिळतं. मी मामलेदार मिसळ निवडली. स्टेशनपासून चालत जाता येतं आणि नावातच ठाण्याचा इतिहास आहे. तहसीलदार म्हणजे पूर्वीचा मामलेदार. त्याच्या कचेरीच्या आवारातलं हे कँटीन. कामासाठी आलेल्या माणसाने सातबाऱ्यासाठी ताटकळताना दोन घास खावेत एवढाच त्याचा मूळ उपयोग. आज कचेरीत काम नसलेलेच जास्त येतात.

कल्याणने आल्याआल्या वाद काढला, "मिसळ हा नाश्ता आहे. लंच म्हणून फसवू नकोस." डोंबिवलीचं म्हणणं, दोन पाव आणि एक्स्ट्रा तर्री घेतली की पोट भरतं, पोट भरलं की लंच झाला. टेबलं शेअर करायची पद्धत असल्याने समोर बसलेल्या अनोळखी काकांनीही या चर्चेत भाग घेतला. त्यांचं मत कल्याणच्या बाजूने होतं, पण खाताना मात्र ते आमच्यापेक्षा पुढे होते. मुंब्राने शहाणपणाने मध्यम तिखट मागवली. मी ठाणेकर असल्याच्या तोऱ्यात तिखट घेतली आणि तिसऱ्या घासाला नाक पुसायला लागले.

माणशी दीडशेच्या आत काम झालं. उरलेल्या पैशांत बाहेर येऊन ताक प्यायलो आणि तलावपाळीवर तासभर बसलो. कॅफेत वेटर दर दहा मिनिटांनी 'एनिथिंग एल्स?' विचारत होता. मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर कुणी काही विचारत नाही.

आमचं जेवण आणि रेल्वे

तलावपाळीवर एक प्रश्न निघाला. आमच्या या पट्ट्यातले सगळे प्रसिद्ध पदार्थ हातात धरून खायचे का? वडापाव, समोसा, भजी. बसून जेवायच्या जागांचं नाव कुणाला पटकन का आठवत नाही?

उत्तर बहुधा रेल्वेत आहे. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले. तेव्हापासून इथलं आयुष्य गाडीच्या वेळेवर चालतं. वडापावाचा जन्मही स्टेशनबाहेरचा. १९६६ मध्ये दादर स्टेशनजवळ अशोक वैद्य यांनी तो सुरू केला, असं सांगितलं जातं. ज्याला ८.१४ पकडायची आहे त्याला ताट-वाटी परवडत नाही, पैशानेही आणि वेळेनेही. दुपारी तर इथली निम्मी माणसं मुंबईत असतात आणि डबा खातात. त्यामुळे दुपारी बसून जेवणारे कोण? तर इथेच काम करणारे. दुकानातले, बँकेतले, रिक्षावाले, कोर्टकचेरीला आलेले, कॉलेजवाले. त्यांच्या जागा इन्स्टाग्रामवर नसतात. त्या शोधायला त्या गावातलाच माणूस लागतो.

कल्याण : राईस प्लेटचं गणित

दुसरी पाळी कल्याणची. आधी स्टार्टर म्हणून खिडकी वडा. घराच्या खिडकीतून विकायला सुरुवात झाली म्हणून हे नाव. गरम वडा वर्तमानपत्रात न देता कागदी डिशमध्ये मिळावा, अशी मुंब्राची अट होती. छापील शाईच्या कागदात अन्न बांधू नये हे अन्नसुरक्षा विभाग वारंवार सांगतो, असं तिने सुनावलं. वकील होणार म्हणजे होणारच.

मग स्टेशनजवळच्या एका जुन्या उडुपी पद्धतीच्या हॉटेलात राईस प्लेट. आमच्या पिढीने 'थाळी' म्हटलं की मिठायांसकट बत्तीस पदार्थ डोळ्यांपुढे येतात. राईस प्लेट साधी. तीन चपात्या किंवा चार पुऱ्या, एक सुकी भाजी, एक रस्सा भाजी, डाळ, भाताची मूद, पापड, लोणचं, वाटीभर ताक. स्टीलच्या कप्प्यांच्या ताटात सगळं एकदमच येतं. भिंतीवर दोन पाट्या : 'एक्स्ट्रा चपातीचे पैसे पडतील' आणि 'एका थाळीत दोघांनी जेवू नये'.

दुसऱ्या पाटीवर आम्ही आधी खूप हसलो. कल्याणने समजावलं. लिमिटेड थाळीत मालकाचा फायदा थोडासाच असतो. टेबल अडलं की तोही जातो. दुपारचे दोन तास हाच त्याचा धंदा. म्हणूनच पाण्याचा जग आधीच भरलेला असतो, ऑर्डर एका शब्दात घेतात आणि हात धुवेपर्यंत बिल आलेलं असतं. याला उद्धटपणा समजू नये. मागे माणसं उभी असतात.

दिवा त्या दिवशी पोटभर जेवला. चौथी चपाती मागताना त्याने एकदा आमच्याकडे पाहिलं. कुणीच काही बोललं नाही. डोंबिवलीने फक्त स्वतःसाठीही एक मागवली.

डोंबिवली : पोळीभाजी केंद्रातलं पंगतीचं जेवण

डोंबिवली म्हटल्यावर बाहेरच्यांना फडके रोड आठवतो. दिवाळीच्या पहाटे नटूनथटून तिथे जमणारी तरुणाई, १९९९ पासून निघणारी गुढीपाडव्याची शोभायात्रा. मिसळवाल्यांना मुनमुन आठवते. पण आमची डोंबिवली आम्हाला घेऊन गेली पोळीभाजी केंद्रात.

हा प्रकार आमच्या भागात गल्लोगल्ली आहे. नवरा-बायको दोघंही सकाळच्या लोकलने मुंबईला जातात आणि रात्री आठ-साडेआठला परततात. स्टेशनवरून घरी जाताना मोजून पोळ्या, पाव किलो भाजी, आमटी घ्यायची. गणपतीत उकडीचे मोदक, दिवाळीत चकल्या. बहुतेक केंद्रं बायका चालवतात. दुपारी मात्र काही ठिकाणी चार स्टुलं टाकून जेवायला वाढतात, हे आम्हाला माहीतच नव्हतं. तीन पोळ्या, मटकीची उसळ, आमटी-भात आणि काकडीची कोशिंबीर. पाच जण म्हटल्यावर काकूंनी दोन स्टुलं शेजारच्या दुकानातून मागवली. बसायला जागा झाली, पण ताट मांडीवर.

काकू पोळ्या लाटतालाटता बोलत होत्या. पहाटे साडेचारला कणीक मळायला घेतात. मदतीला तीन बायका आहेत. सगळ्यात जास्त धास्ती व्यावसायिक सिलिंडरच्या भावाची. तो वाढला तरी पोळीचा दर लगेच वाढवता येत नाही. रुपया वाढवला की गिऱ्हाईक दोन पोळ्या कमी नेतं.

"मुलांनो, आमटी घ्या अजून. आमटीला पैसे नाहीत," असं त्या तीनदा म्हणाल्या.

पोळीभाजी केंद्र आज नवं वाटत असलं तरी त्याची मुळं जुनी आहेत. मुंबईच्या गिरण्यांमध्ये गावाकडून एकटे आलेले कामगार खानावळीत जेवायचे. घरच्या घरी त्या चालवणाऱ्या बायकांना सावकाराकडून महागडं कर्ज घ्यावं लागे. त्यांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बँकेचं कर्ज त्यांच्या हाती यावं हा त्यामागचा हेतू होता. पुढे सरकारनेही स्वस्त जेवणाचे प्रयोग केले. १९९५ नंतर एक रुपयातली झुणका-भाकर आली, २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी. दोन चपात्या, एक वाटी भाजी, वरण आणि भात.

शिवभोजनचा विषय निघाला तेव्हा दिवा सहज म्हणाला, "कॉलेजात असताना मी कधीकधी तिथेच जेवायचो. तुम्ही कँटीनला असायचात तेव्हा." मग आम्ही सगळे थोडा वेळ आमटीच पीत बसलो.

मुंब्रा : "इथे कुणी जेवायला येत नाही"

चौथी पाळी. मुंब्राने आधीच सांगून टाकलं, "रमजानमध्ये लोक कबाब घ्यायला येतात, फोटो काढतात आणि जातात. एरवी इथे जेवायला कुणी येत नाही." खरं सांगायचं तर माझ्या आईनेही विचारलं, "मुंब्र्याला? तिथे कशाला?" ठाण्याहून दुसरं स्टेशन. मी बावीस वर्षांत कधी तिथे उतरले नव्हते. डोंबिवलीही नाही.

पारसिकच्या डोंगराखालून चालत बाजारातल्या एका छोट्या हॉटेलात गेलो. मुंब्राने शाकाहारी डोंबिवलीसाठी आधीच चौकशी करून ठेवली होती. तिला डाळ-तडका, रोटी आणि कांदा-लिंबू. आम्हाला खिमा-पाव आणि एक मोठी बिर्याणी पाचात... म्हणजे चारात. इथे 'दोघांनी एका थाळीत जेवू नये' अशी पाटी नव्हती. उलट मोठं ताट मध्ये ठेवून सगळ्यांनी खाणं हीच इथली रीत. चहा आला तो मालकाकडून. आम्ही पैसे द्यायला गेलो तर त्यांनी मुंब्राकडे बोट दाखवलं, "पहिल्यांदा आल्या ना तुमच्या मैत्रिणी!"

घरी येऊन आईला बिर्याणीचं वर्णन केलं. पुढच्या वेळी पार्सल आणायला सांगितलंय.

मधेच एक फटका

सगळंच गोड झालं असं नाही. एका महिन्यात दोघांना सुट्टी नव्हती म्हणून उरलेले तिघं ठाण्यात एका जागी गेलो. मेनूकार्ड साधं, दर बरे. बिलात मात्र खाली 'सर्व्हिस चार्ज १० टक्के' आणि वर जीएसटी. दीडशेची मर्यादा तिथेच मोडली.

मी पैसे काढत होते तेवढ्यात डोंबिवलीने बिल हातात घेतलं. ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वं काढली. हॉटेलने बिलात आपणहून सर्व्हिस चार्ज लावायचा नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. टीप द्यायची की नाही, हे गिऱ्हाईक ठरवणार. जीएसटी साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के. पण जे छोटे व्यावसायिक कॉम्पोझिशन योजनेत आहेत त्यांना तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. हे सगळं तिने काउंटरवर अगदी शांतपणे सांगितलं. चार्ज निघाला. नसता निघाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर तिच्याकडे तयारच होता.

वाढणाऱ्या दादाला आम्ही वेगळी टीप दिली, त्याच्या हातात.

दिवा : "आज उपवास नाही"

शेवटची पाळी दिव्याची. तो टाळत होता. "दिव्यात काय आहे? फाटक आणि गर्दी. आपण डोंबिवलीलाच जाऊ," हे त्याने तीनदा लिहिलं. मुंब्राने उत्तर दिलं, "मीपण असंच म्हणाले होते." मग त्याचा नाइलाज झाला.

दिवा हे जंक्शन. इथून कोकणात गाड्या जातात, त्यामुळे चाकरमानी कोकणी माणसांची इथे मोठी वस्ती. आमचा दिवाही त्यातलाच, मूळचा रत्नागिरीकडचा. पण ही मूळ भूमी आगरी-कोळ्यांची. खाडी, मिठागरं आणि भातशेती, हेच त्यांच्या ताटातही उतरलंय. त्याने आम्हाला नेलं ते एका आगरी बाईंच्या घरगुती खानावळीत. पुढच्या खोलीत तीन टेबलं, मागे चूल नाही पण गॅसवर भाकरी थापणं चालू. तांदळाची पांढरी, मऊ, तव्याएवढी भाकरी. सुका जवळा, बोंबलाचं कालवण, सोलकढी. डोंबिवलीसाठी वालाचं बिरडं आणि भात.

आगरी मसाल्याची चव आपल्या मालवणीपेक्षा वेगळी. नारळाचा हात आखडता, मिरची-लसूण सढळ. कल्याणला घाम फुटला. मी मिसळीच्या वेळचा धडा लक्षात ठेवून आधीच सोलकढी जवळ ओढली होती.

ऑर्डर घ्यायला त्या आल्या तेव्हा नेहमीप्रमाणे आम्ही चौघं मेनूच्या पाटीकडे बघत, एकमेकांना 'तू सांग, तू सांग' करत होतो. दिवाने न बघता सांगितलं, "मावशी, मला दोन भाकऱ्या, जवळा, कालवण. तळलेला बोंबीलपण."

"तुझा शनिवार ना रे?" मी विचारलं.

"आज उपवास नाही," तो म्हणाला. "कधीच नव्हता."

बिल आलं माणशी एकशे चाळीस. ते त्याने एकट्याने द्यायचा प्रयत्न केला. दोन मिनिटं भांडण झालं. नियम म्हणजे नियम. शेवटी त्याने फक्त सोलकढ्यांचे पैसे दिले, आणि आम्ही ते देऊ दिले. कारण नेहमी घेणाराच राहणंही कुणाला आवडत नसतं, हे आम्हाला आता कळायला लागलंय.

जेवून त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा टाकला. "तुम्ही सगळे येणार म्हणून कालपासून सांगतोय. एरवी कुणाला आणत नाही," त्या म्हणाल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा.

तुम्हालाही करायचंय?

पाच महिन्यांत आम्ही काही चुका केल्या, काही शिकलो. तुमच्या ग्रुपसाठी हे घ्या :

• बजेट आधी ठरवा आणि ते ग्रुपमधल्या सगळ्यात कमी कमावणाऱ्याला झेपेल असं ठेवा. त्यासाठी कुणालाही 'तुला किती परवडेल' विचारायची गरज नाही. आकडा आपणच कमी सांगायचा.

• समान वाटणी तेव्हाच, जेव्हा खाणं समान असेल. नाहीतर ज्याचं त्याने द्यावं. 'डिव्हाइड बाय' म्हणायची घाई नको.

• साधी जागा दुपारी बारा-साडेबाराला गाठा. दीडनंतर पोळी-भाजी संपते आणि दोननंतर वाढणारेच जेवायला बसतात.

• शाकाहारी, हलाल, उपवास हे आधी विचारून घ्या. टेबलावर बसल्यावर कुणाला कोशिंबीर खायला लावू नका.

• जेवण झालं की टेबल सोडा. गप्पांसाठी तलाव, बाग, प्लॅटफॉर्म आहेत.

• बिल वाचा. सर्व्हिस चार्ज दिसला तर नम्रपणे काढायला सांगा. टीप द्यायची तर थेट वाढणाऱ्याला.

• आणि कुणी चारदा 'भूक नाही' म्हणालं तर पाचव्यांदा जागा बदला.

पुढची फेरी पुन्हा ठाण्यापासून. डोंबिवलीच्या एक्सेल शीटमध्ये माझ्या नावापुढे 'मिसळ सोडून' असं कल्याणने लिहून ठेवलंय. दीडशेत ठाण्यात बसून जेवायची चांगली जागा तुम्हाला माहीत असेल तर जरूर कळवा. सहा स्टुलं लागतील. कळव्याची जागा भरली गेलीय, दिवाच्या ऑफिसमधली मैत्रीण.